कासवासाठी पानांची बाग: काय लावावे, कसे वाढवावे, काय टाळावे

जमिनीवरच्या कासवाला कोणती पाने चालतात याच्या याद्या सहज मिळतात. अडचण यादीनंतर सुरू होते. यादीत जास्वंद सुरक्षित म्हणून लिहिलेली असते, पण रोपवाटिकेतून काल आणलेली जास्वंद सुरक्षित असेलच असे नाही. तिच्या पानांत मुळांवाटे शोषलेले कीटकनाशक असू शकते आणि ते कितीही धुतले तरी जात नाही. यादीत निवडुंग असतो, पण त्या एका नावाखाली खाण्याजोगा फड्या निवडुंग येतो तसाच डोळे जाळणाऱ्या चिकाचा युफोर्बियाही येतो. पालकातले कॅल्शियम तक्त्यात चांगले दिसते, पण कासवाच्या हाडांपर्यंत ते फारसे पोचत नाही.

म्हणून पान सुरक्षित आहे का, हे नुसत्या नावावर ठरत नाही. वनस्पती नेमकी कोणती, ती कशात वाढली, तिच्यावर काय फवारले आणि ते पान आठवड्यातून किती वेळा कासवापुढे येते, हे सगळे माहीत असावे लागते. घरी वाढवलेल्या झाडाबद्दल हे सगळे आपल्याला सांगता येते. हा सगळा खटाटोप त्यासाठीच करायचा.

आधी कासवाचे पोट समजून घ्या

शाकाहारी कासवाचे पचन मुख्यतः मोठ्या आतड्यात होते. तिथले सूक्ष्मजीव पानांतले तंतू आंबवतात आणि त्यातून तयार होणाऱ्या आम्लांवर कासवाचे बरेचसे पोषण चालते. हे काम संथ असते. तापमान आणि आहार यांनुसार खाल्लेले बाहेर पडायला काही दिवसांपासून दोन-तीन आठवडेही लागतात.

त्यावरून बऱ्याच गोष्टी उलगडतात. गोड फळे दिली की साखर झपाट्याने आंबते, सूक्ष्मजीवांचे संतुलन बिघडते, विष्ठा पातळ होते. काकडी, आइसबर्ग लेट्यूस यांसारखे पाणीदार आणि तंतू कमी असलेले खाणे पोट भरते, पण आतड्याला काम देत नाही. मांस, कुत्र्या-मांजरांचे खाद्य, पनीर, पाव हे पदार्थ गवत आणि पाने खाणाऱ्या कासवाच्या आहारात नकोतच. आहारही एका दिवसात बदलू नये. नव्या पानावर जगणारे सूक्ष्मजीव वाढायला वेळ लागतो.

सगळ्या कासवांना एकच बाग चालत नाही. हर्मन, ग्रीक, मार्जिनेटेड आणि रशियन ही कासवे मुख्यतः रुंद पानांची रानटी झुडपे आणि तण खातात, गवत कमीच. सल्काटा, लेपर्ड आणि तारा कासव गवताळ प्रदेशातली आहेत. त्यांच्या आहारात मोठा वाटा गवताचा आणि सुक्या गवताचा हवा, सल्काटाच्या तर सर्वात मोठा. लाल पायांचे आणि पिवळ्या पायांचे कासव जंगलातले आहे. ते पानांबरोबर फळे, भूछत्रे आणि थोडे प्राणिजन्य अन्नही खाते. इथून पुढचे सगळे पहिल्या दोन गटांसाठी आहे. आपल्याकडचे कासव नेमक्या कोणत्या जातीचे आहे आणि ती जात पाळायला कायद्याने परवानगी आहे का, हे बियाणे आणण्याआधीच पक्के करा. तारा कासव २०१९ पासून साइट्स या वन्यजीव व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट एकमध्ये आहे, म्हणजे त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर सर्वात कडक बंधने आहेत.

कॅल्शियमचा हिशेब

कासवाला दोन हाडांचे साचे पोसायचे असतात, आतला सांगाडा आणि वरचे कवच. म्हणून आहारात फॉस्फरसच्या निदान दुप्पट कॅल्शियम हवे. त्याहून जास्त असेल तर उत्तम. हे प्रमाण उलटे झाले की शरीर रक्तातले कॅल्शियम टिकवण्यासाठी हाडांतून कॅल्शियम काढते. कवच मऊ पडते, जबडा वाकतो, पाय उचलत नाहीत.

१०० ग्रॅम ताज्या पानांचे आकडे पाहा. डँडेलियन या पिवळ्या फुलांच्या रानटी तणात कॅल्शियम सुमारे १८७ मिलिग्रॅम आणि फॉस्फरस ६६. प्रमाण पावणेतीनास एक. द्राक्षवेलीच्या पानांत ३६३ आणि ९१, चारास एक. चिकोरीच्या पानांत १०० आणि ४७. दोनाला थोडे वर. फड्या निवडुंगाच्या पात्यात १६४ आणि १६, दहास एक. आता दुसऱ्या बाजूला काकडी: १६ आणि २४. टोमॅटो: १० आणि २४. केळे: ५ आणि २२. इथे हिशेब उलटा आहे.

पालकात ९९ आणि ४९, म्हणजे प्रमाण चिकोरीइतकेच. पण पालकात ऑक्झॅलेट कॅल्शियमच्या कितीतरी पट असते. ते आतड्यातच कॅल्शियमला धरून न विरघळणारा क्षार बनवते आणि तो विष्ठेतून निघून जातो. माठ, घोळ, चार्ड, बीटची पाने आणि आंबुशी यांचीही तीच गत आहे. एखाद्या दिवशी दोन पाने खाल्ल्याने काही बिघडत नाही. रोजचा आहार त्यांवर उभा करू नये, एवढेच. कोबी, केल, मोहरी या कुळातल्या पानांत थायरॉइडच्या कामात अडथळा आणणारी द्रव्ये असतात, तीही अधूनमधूनच. घेवडा, वाटाणा, क्लोव्हर, लसूणघास यांत प्रथिने जास्त असतात, त्यामुळे त्यांचा हात आखडता ठेवावा. शेवग्याच्या पानांत कॅल्शियम भरपूर आहे, पण प्रथिनेही भरपूर आहेत, म्हणून आठवड्यातून एखाद वेळी थोडी पुरेत.

पानांतून मिळालेले कॅल्शियम शोषायला जीवनसत्त्व ड३ लागते आणि ते कासवाच्या त्वचेत २९० ते ३१५ नॅनोमीटरच्या अतिनील किरणांनी तयार होते. खिडकीची काच हे किरण जवळजवळ पूर्ण अडवते. कासव काचेआडच्या उन्हात बसत असेल तर कितीही चांगली बाग त्याला वाचवू शकत नाही. उघडे ऊन, नाहीतर हे किरण देणारा योग्य यूव्हीबी दिवा हवाच. वाढत्या पिल्लांना आणि अंडी घालणाऱ्या माद्यांना आठवड्यातून दोन-तीनदा पानांवर चिमूटभर साधी कॅल्शियम कार्बोनेट भुकटी भुरभुरावी, फॉस्फरस नसलेली. अंड्याच्या कवचाचा चुरा मातीत टाकून पानातले कॅल्शियम फारसे वाढत नाही. पानात किती कॅल्शियम साठणार, हे बरेचसे त्या वनस्पतीच्या जातीवर अवलंबून असते. चुरा द्यायचा तर बारीक दळून थेट खाण्यावर द्या.

कवचावर पिरॅमिडसारखे उंचवटे येतात त्याचे खापर पूर्वी सगळे प्रथिनांवर फोडले जाई. सल्काटाच्या पिल्लांवर केलेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मात्र कोरड्या हवेचा परिणाम प्रथिनांपेक्षा मोठा दिसला. म्हणजे आहार सुधारूनही उंचवटे वाढत असतील तर घरातला ओलावा तपासा.

काय लावायचे

सुरुवात पाच-सहा वनस्पतींनी करा आणि वर्षभरात ती संख्या बारा-पंधरावर न्या. एकाच पानावर कासव वाढवले तर त्या पानातली प्रत्येक उणीव रोज साठत जाते. विविधता असली की एखाद्या पानातले नको ते द्रव्य इतरांत विरून जाते.

डँडेलियन हा या बागेचा कणा. पान, देठ, फूल सगळे चालते. सोटमूळ खोल जाते, म्हणून कुंडी निदान २५ ते ३० सेंटिमीटर खोल घ्या. बी उगवायला उजेड लागतो. ते मातीवर पसरा, तळहाताने हलके दाबा आणि वर दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त माती घालू नका. खोल पेरलेले बी उगवत नाही आणि मग बियाण्याला दोष दिला जातो. दोन ते तीन आठवड्यांत अंकुर दिसतात. माती या काळात ओलसर हवी, पण वरून धार सोडून पाणी घातले तर बी वाहून एका कोपऱ्यात जमते; फवाऱ्याने शिंपडा किंवा ट्रे पाण्यात ठेवून खालून शोषू द्या. रोपे तळहाताएवढी झाली की १५ सेंटिमीटर अंतरावर विरळ करा. उपटलेली रोपे कासवालाच घाला.

प्लँटॅगो या रानटी तणाच्या रुंद पानाची आणि अरुंद पानाची, दोन्ही जाती उत्तम तंतुमय पाने देतात. पायाखाली तुडवल्या तरी त्या टिकतात. बी बारीक असते, पेरणी डँडेलियनसारखीच. चिकोरी, म्हणजे कासनी, आणि तिच्याच वंशातले एंडाइव्ह हे नवशिक्यांसाठी सर्वात सोपे. बी अर्धा सेंटिमीटर खोल पेरले तर साधारण आठवड्यात उगवते. पान कापले की पुन्हा फुटते. सो थिसल, म्हणजे सॉन्चस, स्वतःहूनच येते आणि कासवांचे अगदी लाडके असते. जास्वंदीच्याच कुळातल्या मॅलोची पाने आणि फुलेही चालतात. तिच्या बियांचे साल टणक असते, त्यामुळे पेरण्याआधी सँडपेपरवर हलके घासून रात्रभर कोमट पाण्यात भिजवा.

तुती, जास्वंद आणि द्राक्षवेल ही मोठी झाडे एकदा रुजली की वर्षानुवर्षे पाने देतात आणि ट्रेमधल्या भाजीवरचा भार कमी करतात. तुतीची पेन्सिलएवढ्या जाडीची, १५ ते २० सेंटिमीटरची, तीन-चार डोळ्यांची फांदी कापा. खालचे दोन डोळे मातीत, वरचे बाहेर. खालचा काप तिरका आणि वरचा सरळ ठेवला की फांदी उलटी लावली जात नाही. जास्वंदीची १० ते १५ सेंटिमीटरची, अर्धवट पक्की फांदी घ्या. खालची पाने काढा, वरची दोन अर्धी कापा. चार ते सहा आठवड्यांत मुळे येतात. सावलीत ठेवा, आणि नवी पाने दिसली म्हणजे मुळे फुटली असे लगेच समजू नका, कारण फांदीतल्या साठ्यावरही पाने फुटतात. हलके ओढल्यावर फांदी अडली तर मुळे धरली आहेत. तुतीला पुढे निदान २० ते ३० लिटरची कुंडी लागेल. ती दर वर्षी छाटून छाती-कमरेच्या उंचीवरच राखा. पाने हाताशी राहतात आणि कोवळी फूट येत राहते. तुतीच्या पानांत प्रथिने बऱ्यापैकी असतात, म्हणून ती एकटी रोज नको.

फड्या निवडुंगाचे एक पक्के पाते तोडा आणि कापलेली कड सावलीत एक ते दोन आठवडे वाळू द्या. ओल्या कडेने लावले तर ते कुजते. हे निवडुंग मरण्याचे नेहमीचे कारण. कड कोरडी, टणक झाली की निम्मी जाड वाळू मिसळलेल्या मातीत पात्याचा तिसरा भाग पुरा आणि पहिले पाणी आठवडाभराने घाला. खायला देताना मोठे काटे तर काढाच, पण ठिपक्यांतले केसासारखे बारीक काटे त्याहून त्रासदायक असतात. ते जिभेत आणि डोळ्यांत रुततात. पाते चिमट्यात धरून ज्योतीवर सगळ्या बाजूंनी फिरवा, मग ब्रशने घासून धुवा. बिनकाट्याच्या जातींवरही हे बारीक काटे असतात, हे विसरू नका. जास्त निवडुंग खाल्ला की विष्ठा सैल होते.

गवत खाणाऱ्या कासवासाठी हरळी उत्तम. ८ ते १० सेंटिमीटर खोल ट्रे पुरतो. तुकडे लावले तरी धरते. कुसळे येणारे गवत मात्र कणीस येण्याआधी कापा. कुसळे डोळ्यांत, नाकपुडीत आणि तोंडाच्या कातडीत घुसतात. ज्वारीच्या आणि तिच्या जवळच्या चाऱ्याच्या कोवळ्या फुटीत सायनाइड तयार करणारे द्रव्य असते आणि पाण्याचा ताण बसल्यावर ते वाढते. ते लावूच नका. आठ दिवसांचे गव्हांकुर चवीपुरते ठीक. तंतू अजून तयार झालेले नसतात म्हणून तो गवताला पर्याय नव्हे.

फुलांमध्ये जास्वंद, गुलाबाच्या पाकळ्या, नॅस्टर्शियम, पॅन्सी आणि कॅलेंडुला चालतात. कॅलेंडुला आणि झेंडू दिसायला जवळचे असले तरी वंश वेगळे आहेत. यादीत कॅलेंडुला असेल तर झेंडू घालू नये. फुलवाल्याकडचे गुलाब कधीही घालू नका, त्यांच्यावर काय काय फवारलेले असते हे कोणी सांगू शकत नाही. रताळ्याच्या वेलाची पाने थोडी चालतात, पण त्याच वंशातली बेशरम विषारी आहे. स्पायडर प्लँट घरात ठेवायला सोयीचा आणि कासवाने ओढून खाल्ला तरी काळजी नसलेला.

विकत आणलेल्या रोपाचे काय करायचे

सर्वात चांगला मार्ग म्हणजे बी किंवा ओळखीच्या, न फवारलेल्या झाडाची फांदी. बीसुद्धा पाहून घ्या. गुलाबी, निळ्या किंवा हिरव्या रंगाने माखलेल्या बियांवर बहुतेक वेळा थायरमसारखे बुरशीनाशक लावलेले असते. त्या बियांची मोड आलेली रोपे कासवाला घालू नयेत आणि ते बी त्याच्या तोंडापाशी तर अजिबात येऊ नये.

रोप विकतच आणावे लागले तर दोन गोष्टींची भीती असते. पहिली म्हणजे झाडाच्या आत शिरणारी कीटकनाशके. इमिडाक्लोप्रिड त्यातले सर्वपरिचित. ते मुळांतून चढते, पानापानांत पसरते आणि काष्ठमय झाडांत वर्षभर किंवा त्याहूनही जास्त टिकू शकते. दुसरी भीती कुंडीतल्या मिश्रणाची. त्यात सावकाश विरघळणाऱ्या खताच्या गोल गोळ्या, परलाइटचे पांढरे दाणे आणि पाणी धरून ठेवणारे जेलचे खडे असतात. कासव पांढरे आणि चमकदार दाणे हमखास चाखून पाहते. खताची गोळी पोटात गेली तर विषबाधा, जेल गेले तर फुगून आतडे तुंबण्याचा धोका.

म्हणून रोप आणले की कुंडीबाहेर काढा, मुळांची सगळी माती बादलीभर पाण्यात धुवा, ते पाणी बागेबाहेर टाका, आणि रोप स्वच्छ मातीत लावा. त्या वेळी असलेली सगळी पाने आणि फुले काढून फेका; झाड मरेल असे वाटले तर शेंड्याची थोडी ठेवा, पण ती खायला द्यायची नाहीत. कुंडीवर तारखेची पट्टी लावा. भाजीवर्गीय रोपांची फक्त नवी आलेली पाने आणि तीही तीन-चार महिन्यांनी. जास्वंद, गुलाब, तुती यांसारख्या झाडांना पूर्ण वर्षभर थांबा. हा काळ आमच्या मते किमान आहे. घाई असेल तर त्या काळात चिकोरी पेरा. महिना-दीड महिन्यात पाने हाती येतात.

माती, खत आणि किडी

दोन भाग साधी बागेची माती, एक भाग पूर्ण कुजलेले कंपोस्ट, एक भाग जाड वाळू किंवा कोकोपीट. तळाला मोकळी भोके. यापेक्षा गुंतागुंतीचे काही लागत नाही. माती रस्त्याकाठची किंवा जुन्या रंगाचे पोपडे पडणाऱ्या भिंतीलगतची नको. तिथे शिसे साठलेले असू शकते. रस्त्याकाठची पानेही त्याच कारणाने टाळावीत, शिवाय तिथे तणनाशक केव्हा मारले हे आपल्याला कळत नाही.

ताजे शेण किंवा कोंबडीखत घालू नका. कासवाची स्वतःची विष्ठाही या वाफ्यांच्या खतात नको. कासवांच्या पोटात जंत असणे सामान्य आहे, त्यांची अंडी मातीत दीर्घकाळ टिकतात, आणि पानांवाटे ती पुन्हा त्याच कासवाच्या पोटात जातात. औषध देऊनही जंत परत परत येतात त्यामागे अनेकदा हेच असते. कासवांच्या विष्ठेत साल्मोनेलाही असू शकतो, म्हणून कासव हाताळले की बागेत हात घालण्याआधी साबणाने धुवा आणि बागेतून आल्यावरही धुवा.

भरपूर नत्र दिले की पाने मोठी, गर्द आणि लुसलुशीत होतात. दिसायला छान, कासवासाठी वाईट. अशा पानांत तंतू कमी, पाणी जास्त आणि न वापरलेले नायट्रेट साठलेले असते. सावलीतल्या झाडांत ते आणखी वाढते, कारण नायट्रेटचे प्रथिनात रूपांतर करायला झाडाला उजेड लागतो. म्हणून वर्षातून दोनदा कंपोस्टचा पातळ थर पुरे. युरिया किंवा द्रव रासायनिक खत नकोच. पाने काही तास ऊन मिळाल्यावर कापा. थोडी खुरटी, जाडसर पाने हीच कासवाची योग्य पाने.

मावा आला तर पाण्याची जोरदार धार पानांखालून मारा, दोन दिवसांनी पुन्हा मारा. पिठ्या ढेकूण कापसाच्या बोळ्याने पुसून काढा. अगदी गरज पडली तर साध्या साबणाचे पातळ पाणी फवारून दुसऱ्या दिवशी धुवा, आणि ती पाने आठवडाभर कापू नका. गोगलगायी हाताने वेचा. मेटाल्डिहाइडच्या गोळ्या बागेत कधीही टाकू नका. त्या कासवाला मारतात, आणि त्या खाऊन मेलेली गोगलगाय कासवाने उचलली तरी धोका आहेच.

काय कधीही लावायचे नाही

कासवाला विषारी पान आपोआप कळते, हा समज धोकादायक आहे. आपल्या मूळ अधिवासातल्या काही वनस्पती ते टाळत असेल. कुंडीतल्या परदेशी झाडाबद्दल त्याला काहीही माहीत नसते. पक्षी किंवा गोगलगाय खाते म्हणून कासवालाही चालेल, हेही खरे नाही. पांढरा चीक म्हणजे विष, हा तिसरा सोपा नियमही फसतो, कारण डँडेलियन, सो थिसल आणि तुती तिघांनाही चीक येतो. वनस्पती ओळखण्याला पर्याय नाही, आणि ओळख शास्त्रीय नावाने पक्की करावी.

कण्हेर, पिवळी कण्हेर, अडेनियम, रुई आणि पानफुटीचा वंश, म्हणजे कॅलँचो, यांत हृदयाची लय बिघडवणारी द्रव्ये असतात. कण्हेरीची मोजकी पानेही घातक ठरू शकतात. एरंडाच्या बीत रिसिन आहे. धोत्र्यात मज्जासंस्थेवर काम करणारी अल्कलॉइडे आहेत. घाणेरीतली लँटाडीन यकृत निकामी करते. सायकसमध्ये यकृताचे विष आहे, बियांत सर्वाधिक. सदाफुलीत ज्यांपासून कर्करोगावरची औषधे बनतात ती अल्कलॉइडे आहेत, आणि तीच पेशींची वाढ थांबवतात. गाजर गवत, रोडोडेंड्रॉन, फॉक्सग्लव्ह, नार्सिसस आणि अमरिलिसचे कंद, टोमॅटो-बटाट्याची पाने, ॲव्होकॅडोची पाने, कांदा-लसूण यांनाही बागेत जागा नको.

अळू, मनी प्लँट, डिफनबाखिया यांचे विष वेगळ्या प्रकारचे. त्यांच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. पान चावताच ते जिभेत आणि घशात घुसतात. तोंड सुजते, लाळ गळते, कासव मान लांब करून श्वास घेते. घरात मोकळे फिरणाऱ्या कासवाला याच झाडांपासून सर्वात जास्त भीती, कारण मनी प्लँटचा वेल जमिनीपर्यंत लोंबत असतो.

विषारी पान खाल्ल्याचा संशय आला तर तोंडातले उरलेले पान चिमट्याने काढता येत असेल तर काढा. उलटी करवू नका, दूध किंवा तेल पाजू नका. त्या झाडाची फांदी आणि फोटो घेऊन सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडे जा. अजून काही दिसत नाही म्हणून थांबू नका. कासवाचे पचन संथ आहे, लक्षणे दिसायला दिवस लागू शकतात, आणि तोपर्यंत विष आतच असते.

कापणी आणि खाऊ घालणे

प्रौढ कासवाला दिवसाला साधारण त्याच्या कवचाएवढा सैल ढीग पुरतो. ६० बाय ४० सेंटिमीटरच्या चांगल्या भरलेल्या ट्रेमधून मध्यम कासवाचे असे दोन-तीन ढीग निघतात आणि पाने परत यायला तीन-चार आठवडे लागतात. म्हणजे निव्वळ ट्रेवर भागवायचे तर दहा-बारा ट्रे लागतील. तुती आणि जास्वंद जोमात असतील तर त्याच्या निम्म्यात काम होते. एकदम सगळे पेरू नका. दर दोन-तीन आठवड्यांनी दोन ट्रे पेरत गेलात की एकदम पूर आणि मग दुष्काळ अशी वेळ येत नाही.

एका वेळी रोपाची तिसरा हिस्साच पाने काढा आणि मधला कोंब राखा. चिकोरीसारखी रोपे जमिनीपासून तीन-चार सेंटिमीटरवर कापली तरी फुटतात. पाने धुवा, ओलीच द्या, आणि पसरून ठेवा म्हणजे कासव चालत चालत खाईल. पाने बारीक चिरू नका. ओढून फाडण्याने चोचीची झीज होते, नाहीतर ती वाढत जाते.

हट्टी कासव नवे पान हुंगून सोडून देते. अशा वेळी त्याच्या आवडीचे पान आणि नवे पान बारीक चिरून, पाण्याचा हबका मारून एकत्र कालवा. नव्याचे प्रमाण दहाव्या हिस्स्यापासून सुरू करून दोन-तीन आठवड्यांत वाढवा, मग तुकडे मोठे करत जा. निरोगी प्रौढ कासव एक-दोन दिवस कमी खाऊन राहिले तर घाबरायचे कारण नाही. पिल्लू किंवा आजारी कासव असेल तर हा हट्ट धरू नका.

कासवाच्या कुंपणातच लावायचे असेल तर कोवळी रोपे दोन दिवसांत भुईसपाट होतात. त्यावर उपाय असा: ट्रे जमिनीच्या पातळीला पुरा आणि वर तारेच्या जाळीचा घुमट पक्का बसवा. पाने जाळीतून वर येतील तेवढीच कासव खाईल, मुळे आणि कोंब वाचतील. जाळीची भोके कासवाच्या डोक्यापेक्षा स्पष्ट लहान हवीत. डोके आत जाऊन अडकले तर ते मागे घेताना मान सोलवटते. तारेची टोके खाली वळवा. असे दोन ट्रे ठेवून महिन्याआड बदलले की एक खातो, दुसरा सावरतो. जागा मोठी असेल तर कुंपणाचे दोन भाग करून आलटून पालटून विश्रांती द्या.

पानांची चणचण असलेल्या महिन्यांसाठी तुती, जास्वंद, द्राक्ष आणि प्लँटॅगोची पाने वाळवून ठेवता येतात. बहर जोरात असताना तोडा, धुऊन पाणी निथळू द्या, आणि सावलीत वारा खेळेल अशा जागी जाळीवर एकेरी थरात पसरा. पान मुठीत चुरडल्यावर कुरकुरले आणि देठ वाकण्याऐवजी मोडला की ते तयार. देठात ओल राहिली तर डबा बंद केल्यावर बुरशी धरते, म्हणून पहिल्या आठवड्यात डबा उघडून आतल्या बाजूला दव दिसते का पाहा. दिसले तर सगळे पुन्हा बाहेर काढून वाळवा. देताना पाण्यात दहा मिनिटे भिजवून ताज्या पानांत मिसळा. कुबट वास आला किंवा पांढरी-काळी बुरशी दिसली तर तेवढीच पाने न निवडता पूर्ण डबा टाकून द्या.